वेगळा राउटर घेतोयस? आधी हे वाच

आधी लॅपटॉप केबलने थेट इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याला जोड आणि स्पीड मोज. केबलवर पूर्ण स्पीड मिळतोय आणि वायफायवरच गाडी अडतेय, तर दोष लाइनचा नाही. प्लॅन वाढवून पैसे वाया घालवू नकोस.

तो एकच डबा मोडेम, राउटर, वायफाय असं सगळं एकटा ओढत असतो. उपकरणं वाढली की त्याचा दम निघतो. नवा राउटर आला की जुन्याला ब्रिज मोडवर टाकच, म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त नेट पुढे देतो. नाहीतर दोन्हीकडे नॅट (घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकच पत्ता देणारी सोय) चालतं, ऑनलाइन गेम अडू शकतात, घरचा कॅमेरा बाहेरून दिसेनासा होऊ शकतो. माझे दोन आठवडे यातच गेले होते. सेटिंग सापडलं नाही तर कंपनीला फोन लाव आणि त्यांच्याकडून करून घे.

राउटर निवडताना अँटेना मोजू नकोस, एसक्यूएम (डेटाची रांग तुंबू न देणारी सोय) आहे का ते बघ. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की तुझा व्हिडिओ कॉल तुटतो ना? पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांगेत तुंबतात म्हणून. एसक्यूएममध्ये डाउनलोड आणि अपलोड दोन्हींची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेव आणि तोच कॉल पुन्हा लावून बघ.

टीव्ही, डेस्कटॉपला केबलच दे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ.