किल्लारीवर सिनेमा करतोयस तर

गड्या, तू भूकंपानंतर जन्मलास, पण तुझा लातूरचा प्रेक्षक ३० सप्टेंबर १९९३ सोबत घेऊनच थिएटरात बसणार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचं विसर्जन करून थकलेली माणसं माळवदाखाली झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंतींनीच घात केला. हे त्याला सांगावं लागत नाही. म्हणून पडझड कमी दाखव, आधीचा दिवस मनसोक्त दाखव. विसर्जनाचा ढोल वाजला तरी त्याच्या पोटात गोळा येईल.

दुसरं, ‘सैराट’. २०१६ पासून गावातलं कुठलंही प्रेम त्याच्याशी ताडलं जातं. प्रेमकथा टाळू नकोस, शेवट मात्र उसना घेऊ नकोस.

आणि पुनर्वसनातल्या म्हाताऱ्यांना आधी भेट, कॅमेरा न घेता.