पेन्सिल धरता येत नाही, पण अक्षर ओळखतो

"मॅडम, शेजारची मुलगी याच्याहून लहान आहे, ती अ ते ज्ञ लिहिते. याला नुसता 'अ' काढायला सांगितला तरी रडतो. याचं डोकं ठीक आहे ना?"

अमळनेर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा सव्वाचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. थोड्याफार फरकाने असेच प्रश्न जळगाव-धुळ्याकडचे पालक मला सतत विचारतात, म्हणून ही गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईसोबत आजी होत्या आणि वह्यांची पिशवी होती. चार रेघी वहीत पानभर 'अ'. पहिल्या ओळीतले सुबक, म्हणजे आईने हात धरून काढलेले. खालचे रेघेबाहेर घसरलेले, काही इतके दाबून की मागच्या पानावर उठले होते. एका ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. खाली लाल शेरा, 'सराव घ्या'. आजी म्हणाल्या, "मन्हा नातू हुशार शे, पन हात चालस नही त्याना." माझं अर्धं काम आजींनी तिथेच करून टाकलं.

बोलता बोलता आई सहज म्हणाली, की स्टँडवर एसटीची पाटी यानेच दाखवली, 'हा अ, आपली गाडी.' म्हणजे 'अ' त्याला येत होता. काढता येत नव्हता. अक्षर ओळखणं आणि अक्षर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात डोळा, कान आणि स्मरण लागतं. दुसऱ्यात त्यावर खांदा, मनगट, बोटं आणि डोळ्याच्या मागे हात नेण्याची सवय. आपण दुसऱ्यात नापास करतो आणि पहिलंही येत नाही असं धरून चालतो.

त्याला कोरा कागद दिला. गोल छान आला. अधिकची खूण वाकडी, पण आली. चौकोनाचे कोपरे गोल झाले. हे वयाला धरूनच होतं: मुलं साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, साडेचार-पाचला चौकोन काढतात, आणि त्रिकोण पाचव्यानंतर. आता 'अ' बघा. एकाखाली एक दोन वळणं, मधली आडवी रेघ, उभा काना, वर शिरोरेघ. वर्णमालेत पहिला म्हणून तो सोपा नव्हे. माझं स्पष्ट मत आहे की लिहायला 'अ'पासून सुरुवात करणं हा मुलांवर अन्याय आहे. ज्याला गोल येतो त्याला 'ठ' जवळजवळ आलाच. मग 'ट', मग 'ग'. 'अ' येईल नंतर.

शिवाय मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि एकेक करत टणक होतात, शेवटचं तर साधारण दहा-बाराव्या वर्षापर्यंत. चार वर्षांच्या हाताकडून पानभर लेखन मागताना एवढं तरी लक्षात ठेवावं.

पेन्सिल तो मुठीत धरत होता. मग मी घरचं विचारलं. जेवण कोण भरवतं? आई, मोबाइल लावून. शर्टाची बटणं? आई, शाळेची व्हॅन येते म्हणून. शेतात नेता का? "नाही, कपडे खराब करतो." घरी कापसाचे ढीग, आणि पोराच्या बोटांना दिवसभर काही कामच नाही.

वही सध्या बंद करा, असं सांगितल्यावर आईचा चेहरा पडला. काम मात्र आजींनी उचललं. त्या देवासाठी वाती वळतात. नातवाला शेजारी बसवून कापसातून सरकी काढायला दिली. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सरकी धरायची, दुसऱ्या हाताने कापूस ओढायचा. पेन्सिलीला लागते ती हीच चिमट. (फवारणी झालेला कापूस असेल तर नंतर हात साबणाने धुवायचे, आणि सरकी नाकात जात नाही ना याकडे मोठ्या माणसाने बसून लक्ष द्यायचं.) त्याच्या जोडीला शेंगा सोलणं, कणकेच्या गोळ्या, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं. सांडू द्या.

खडूही दिले, मुद्दाम मोडून बोटाच्या पेराएवढे. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. रेघोट्या जमिनीवर नको, भिंतीवर किंवा दारावर, म्हणजे मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्याला काम मिळतं.

अक्षरओळख थांबवायची नव्हतीच. 'क'च्या वस्तू शोध: केळी, कापूस, कणीस, कुलूप. ताटात बारीक रवा पसरून त्यात बोटाने 'ठ'. इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये बालघर उघडलं, तिथे मुलं खरखरीत अक्षरांवरून आधी बोट फिरवत आणि मग लिहीत. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला बिया, खडे, शिंपल्यांवर बालवाडी चालवली. तेव्हा ऑनलाइन मिळणारा महागडा 'लर्निंग किट' घेतला नाही तरी चालेल.

शाळेशी बोलणं जड गेलं. बाईंची बाजूही खोटी नव्हती: वर्गात मुलं फार, आणि वही कोरी गेली तर पालकच भांडायला येतात. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या वयाला खेळातून शिकणं सांगतं, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी ठरलं की या मुलाला पानभर लिहायला न देता अक्षर ओळखायला सांगायचं, आणि वहीत एक ओळ, तीही ठळक पेन्सिलीने.

आईने डिस्लेक्सियाचंही, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या कायमच्या अडचणीचं, विचारलं होतं. चौथ्या वर्षी तसं निदान करता येत नाही. उलटी अक्षरं तर सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं काढतात. मात्र मूल पुस्तक डोळ्याला लावून बघत असेल, सारखं अडखळून पडत असेल, एकच हात वापरून दुसरा लटकता ठेवत असेल, बोलणं परक्याला कळत नसेल किंवा आधी जमणारं आता जमेनासं झालं असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. खाजगी केजीतल्या मुलांना ती सहसा मिळत नाही, त्यांच्या डोळ्यांचं पालकांनीच बघायचं. या मुलाचे डोळे तपासून घेतले, ठीक निघाले.

उन्हाळ्यापर्यंत पेन्सिल बोटांत आली. अक्षरं अजून मोठी आहेत, 'अ' अजून वाकडाच आहे, पण रडणं थांबलंय. आईची पुढची काळजी पहिलीच्या प्रवेशाची. त्याला वय सहा लागतं. अजून बराच वेळ आहे.