गोव्यात बोटीने जाऊन थेट काठावर उतरता येईल असे बार-रेस्टॉरंट कसे शोधावेत?

तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र एप्रिलमध्ये येताय, बोट भाड्याने घेणार आहात आणि फोनच्या नकाशावर ‘वॉटरफ्रंट’ शोधून आठ-दहा जागांची यादी केली आहे. ती यादी फेकून द्या. मी पेडणे तालुक्यातला, घरापासून शापोरा नदी हाकेच्या अंतरावर, चुलत्याची फायबरची होडी आहे. आणि अशाच एका यादीपायी मी भावोजींसोबत अर्धी रात्र एका चिखलाची राखण केली आहे. त्या दिवसावरून आमच्या घरात अजून वाद आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलच, हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या रसाच्या हलक्या गावठी दारूचे दिवस. बहीण आणि भावोजी पुण्याहून आले होते. भावोजी चहा प्यायला निघाले तरी आधी फोनवर तारे मोजतात. नदीच्या वरच्या अंगाला एक जागा त्यांनी शोधली होती. ४.६ तारे, फोटोत पायऱ्यांना लागलेलं पाणी आणि खालच्या पायरीला बांधलेली पांढरी होडी. मी म्हटलं, गाडीने पंधरा मिनिटांत पोचू. पण फोटोत होडी होती ना! मग होडीनेच जायचं. हा फोटो किती वाजता काढलाय, एवढा एक प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

साडेबाराला पोचलो. नदी काठोकाठ, पाणी अगदी फोटोतल्याच पायरीला. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते पाणी त्यांनीच भरून ठेवलंय. जेवण उत्तम होतं, त्याबद्दल वाद नाही. रवा लावलेल्या मुडदुशा, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, चणक माशाचे जाड तुकडे, आणि लिमका घातलेला हुर्राक, वर उभी चिरलेली हिरवी मिरची. बहीण एकदा म्हणाली, निघू या का? भावोजी म्हणाले, अजून एक राउंड. साडेचारला बिल देऊन खाली आलो तर पायऱ्या संपल्या तरी पाणी सुरू होईना. होडी कुशीवर कललेली, इंजिनाचा पंखा चिखलात, आणि नदी तिथून वीस हात लांब गेलेली.

भावोजी म्हणाले, ढकलू या. मी नको-नको म्हणेपर्यंत उतरलेसुद्धा, आणि मांडीपर्यंत आत गेले. त्यांचा एक बूट अजून शापोऱ्यातच आहे. जुन्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारेने पोटरी कापली ती वेगळी. हॉटेलवाला वरून बघत होता. “सर, उद्या सकाळी या ना होडी न्यायला,” म्हणाला. त्याला हा प्रकार नवा नव्हता हे तोंडावर दिसत होतं. म्हणजे फोटो त्यानेच टाकायचा आणि ओहोटीचं मात्र गिऱ्हाइकाने विचारायचं!

समोर गुडघाभर पाण्यात बायका तिसऱ्या काढत होत्या. त्यांतल्या एकीने आमची अवस्था बघून फक्त विचारलं, आज तिथी कोणती? बहिणीने फोनमध्ये बघून सांगितली, द्वितीया. मग साडेनऊशिवाय हलू नका, म्हणाली आणि परत वाकून कामाला लागली. होडी तरंगली तेव्हा पावणेदहा झाले होते.

त्या बाईने केलेलं गणित आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मुंबईला हे चांगलं जुळतं, गोव्यात साधारण तासभर आधी धरा. द्वितीयेला येतो दीड, त्यातून तास वजा केला की साडेबारा. म्हणजे आम्ही भरतीच्या ऐन टोकावर पोचलो आणि पाणी उतरत असताना चार तास मासे खात बसलो. पुढची भरती रात्री एकच्या सुमाराला, होडी तरंगण्याइतकं पाणी त्याआधीच चढतं, म्हणून त्या बाईचे साडेनऊ. त्यात द्वितीया म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस. गोव्यात उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. मुंबईत ते पाच मीटरच्या घरात जातं, तिकडच्या लोकांना हे किरकोळ वाटेल. पण आमच्या नद्या काठाला उथळ, तिथे दोन मीटर उतरले की अंगणाएवढा चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा फरक कमी. तुमच्या तारखा हातात असतील तर भांगाचे दिवस धरा.

आता तुमचा प्रश्न. जागा अशी शोधायची की हॉटेलला फोन करून ‘जेटी आहे का’ विचारायचं नाही, ‘आहे’ असंच उत्तर येतं. ‘पूर्ण ओहोटीला धक्क्याशी किती पाणी असतं’ असं विचारायचं. समोरचा क्षणभर गप्प झाला आणि मग ‘काही टेन्शन नाही सर’ म्हणाला, तर तिथे गाडीने जा. वरून काढलेले नकाशातले फोटोही बघा, काठाला तपकिरी पट्टा दिसला तर तो चिखल. आणि जिथे मच्छीमारांच्या होड्या दिवसभर तरंगत्या बांधलेल्या दिसतात तिथे पाणी असतंच, त्यांना तारे द्यायला कुणी जात नाही.

नावंच हवी असतील तर दक्षिणेत मोबोरला साळ नदीच्या काठी फिशरमन्स व्हार्फ आहे, पण तिथेही फोन करून वरचाच प्रश्न विचारा. माझं खरं मत विचाराल तर भाड्याची बोट हवीच कशाला? जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जा, पायी माणसाला तिकीट नाही, पलीकडे गावातल्या साध्या तावेर्नात, म्हणजे छोट्या दारूच्या दुकानात बसा. किंवा केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला. पलीकडे टेकडीवरच्या किल्ल्याचं हॉटेल केलेलं आहे. पोर्तुगीजांनी हा किल्ला १७४६ साली सावंतवाडीकरांकडून घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेला असूनही तेवढा तुकडा गोव्यात आहे. ओहोटी फार असली की ती फेरीबोटही थांबते, मग आरोंद्यावरून वळसा. सरकारी फेरीबोट जिथे पाण्याची वाट बघते तिथे भावोजींचे ४.६ तारे काय करणार होते?

भावोजी आजही सांगतात की त्या दिवशी ‘इंजिन बंद पडलं’. पुण्यात चार लोकांना हीच गोष्ट सांगून झाली आहे, चुलत्याच्या इंजिनाची उगाच बदनामी. इंजिन ठणठणीत होतं, पावणेदहाला पहिल्या दोरीला सुरू झालं. बहीण साक्षीला आहे, पण ती कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

थोड्या गोष्टी राहिल्या. जून ते सप्टेंबर हा विचारच करू नका. नदीच्या मुखाकडे, मोरजीच्या बाजूला, बोट नेऊ नका, तिथली वाळू दरवर्षी जागा बदलते. तेरेखोलहून आरोंद्यावरून परत जाताना बाटली बरोबर घेऊ नका, दोन पावलांवर महाराष्ट्र लागतो आणि तिथे गोव्याची दारू पकडतात. बोट बंदर कप्तान खात्याकडे नोंदलेली आहे का बघा, आणि लाइफ जॅकेट मोजून घ्या.

आणि हो, गणित येत असून मी त्या दिवशी का केलं नाही? होडी मी आणली होती आणि तिसरा ग्लासही माझाच होता. भावोजींनी ‘अजून एक राउंड’ म्हटलं तेव्हा मी पाण्याकडे पाठ करून बसलो होतो. हे घरात मी अजून कबूल केलेलं नाही. तेव्हा बोट घ्याल ती चालवणाऱ्या माणसासकट घ्या, आणि जेवताना त्याच्या ग्लासात नुसता लिमका आहे ना, ते वास घेऊन बघा.