स्ट्रॅटेजी गेममध्ये शहरात कुठली बिल्डिंग बांधायची हा निर्णय प्लेअरला खरंच विचार करायला लावेल असा कसा बनवायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल खेळायच्या) गेममध्ये प्रत्येक शहरात 18 बिल्डिंग आहेत आणि टेस्टिंग करणारे सगळेच त्या एकाच क्रमाने बांधत सुटतात. माझ्या गेमच्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे कच्च्या नमुन्यात, अगदी हेच झालं होतं. मी काय केलं तर किमती बदलत बसलो, लायब्ररी महाग कर, कोठार स्वस्त कर, दोन महिने त्यात गेले आणि शेवटी क्रम बदलला पण परत सगळ्यांचा एकच. कारण सोनं आज नाही तर दहा टर्नने येणारच असतं, त्यामुळे प्लेअर फक्त आधी काय आणि नंतर काय एवढंच ठरवतो, काय सोडायचं हे त्याला कधी ठरवावंच लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं, सोन्याने विकत घेता येत नाही अशी एखादी गोष्ट कमी ठेवा. वेळ किंवा जागा.

वेळेचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3, 1999 चा गेम. एका शहरात दिवसाला एकच बिल्डिंग, तिजोरी भरलेली असली तरी. टाउन हॉल 2500 सोन्याला मिळतो आणि रोजचं उत्पन्न 500 ने वाढवतो, सिटी हॉल 5000 ला आणि वाढ 1000 ची, कॅपिटॉल 10000 ला आणि वाढ 2000 ची. हिशोब करून बघा, तिन्हींचे पैसे बरोबर 5 दिवसांत वसूल होतात! मग आकड्यांवरून निर्णय होतच नाही, तो होतो कॅलेंडरवरून, कारण सैनिकांची नवी भरती आठवड्याच्या सुरुवातीला येते आणि कॅसल, म्हणजे शहराचा किल्ला, त्याआधी उभा असेल तर ती मूळच्या दुप्पट होते. सहाव्या दिवशी शत्रू जवळ दिसतोय, आता सिटी हॉल की सैन्य? इथे तुमचं उत्तर आणि माझं उत्तर वेगळं येणार, कारण आपले नकाशे वेगळे आहेत.

जागेसाठी सिव्हिलायझेशन 6 बघा. त्यात डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचे खास विभाग, नकाशावरच्या टाइलवर (एकेका घरावर) बसतात आणि किती बसवता येतील हे लोकसंख्येवर ठरतं, पहिला लगेच, दुसरा 4 ला, तिसरा 7 ला. कॅम्पसला (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) शेजारच्या डोंगरांचा बोनस, कमर्शियल हबला (व्यापाराचा) नदीचा. म्हणजे डोंगराजवळचं शहर आणि नदीकाठचं शहर आपोआप वेगळ्या वाटेने जातात, आणि डोंगर नदी दोन्ही असलं आणि जागा एकच असली की मग प्लेअर खरा थांबून विचार करतो. मला हा थांबलेला क्षण फार आवडतो, गेम बनवायचा तो त्याच्यासाठीच.

एक चूक मात्र टाळा. मी नंतर शहराला 4 जागा ठेवल्या आणि निर्णय कायमचा केला, तर लोक घाबरून जागा रिकाम्याच ठेवायला लागले. मग पाडायची सोय दिली, पण पाडायला 3 टर्न आणि पैसे परत नाहीत, तेव्हा कुठे लोक धीटपणे बांधायला लागले. आणि बांधण्याआधीच स्क्रीनवर नेमकं काय मिळेल ते आकड्यात दाखवा, अंदाजाने घेतलेला निर्णय म्हणजे जुगार होतो.

शहरं खूप झाली तर वेगळीच अडचण, पंधराव्या शहरात तोच प्रश्न पंधराव्यांदा विचारला की ते काम वाटतं. त्यावर एक उपाय म्हणजे आजूबाजूच्या शहरांनाही फायदा देणाऱ्या बिल्डिंग, म्हणजे ती कुठल्या शहरात बांधायची हा एकच प्रश्न पाच शहरांसाठी मिळून सुटतो.

आत्ता लगेच करण्यासारखं म्हणाल तर कागद घ्या आणि 18 पैकी प्रत्येक बिल्डिंगसमोर असं एक शहर लिहा जिथे ती बांधणं ही चूक ठरेल. किनाऱ्यापासून लांबचं बंदर वगैरे नको, ते प्लेअरला कळतंच, पटण्यासारखी चूक हवी. जिच्यासमोर काहीच सुचणार नाही ती बिल्डिंग काढून टाका आणि तिचा फायदा शहर मोठं झालं की आपोआप देऊन टाका. माझ्या 14 मधल्या 5 अशाच गेल्या.