फौजेत गेलं की पासपोर्ट मिळतो का?

प्रश्न : पुतण्या २३ वर्षांचा आहे. अग्निवीरच्या भरतीला दोनदा पळाला, झालं नाही, आता वय पण गेलं. एक एजंट म्हणतो फ्रान्सच्या फौजेत लावतो, पाच वर्षं काढली की तिकडचा पासपोर्ट आणि इकडचं पण सगळं राहतं. कपाशीचे पैसे आलेत, देऊ का? – एक काका, पारोळा

उत्तर : काका, कपाशीचे पैसे घरातच ठेवा. एजंट म्हणतो ती फ्रान्सच्या फौजेतली 'फॉरेन लीजन' तुकडी, तिला एजंट लागत नाही, भरतीचा एक रुपया पण लीजन घेत नाही. ही फौज १८३१ ची, परदेशी पोरांसाठीच काढलेली, पण भरती फक्त फ्रान्समध्ये होते म्हणजे व्हिसा काढा, तिकीट काढा, तिथं जाऊन गेटवर उभं राहा आणि नाही घेतलं तर आल्या पावली परत या, सगळा खर्च आपला. वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस चालतं, तेवढं एक पुतण्याच्या बाजूने आहे.

आता पासपोर्ट. पहिला करार पाच वर्षांचा, पण तीन वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. अर्ज करता येतो हं, मिळेलच असं नाही. वागणूक चांगली पाहिजे, फ्रेंच आलं पाहिजे आणि कागद पाहिजेत. लीजनमध्ये दुसऱ्या नावाने भरती होता येतं, पण अर्जाच्या आधी खऱ्या नावावर यावं लागतं, ते पण कागदानिशी. आणि आपल्याकडे काय असतं, शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर नुसतं पाटील, जन्मदाखल्यावर घरी हाक मारायचे ते नाव. लढाईत जखमी झालेल्यासाठी १९९९ चा वेगळा कायदा आहे, 'सांडलेल्या रक्ताने फ्रेंच' म्हणतात त्याला, पण त्या वाटेनं आपलं पोरगं जावं असं कोणाला वाटेल?

नुसतं लढल्याने देश आपला म्हणत नाही हो. नेपाळचे गुरखे पिढ्यानपिढ्या ब्रिटिश फौजेत लढले, तरी १ जुलै १९९७ च्या आधी जे रिटायर झाले त्यांना ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाकारला, कोर्टात गेले, आंदोलन झालं, तेव्हा कुठे मे २००९ मध्ये चार वर्षं नोकरी केलेल्यांना परवानगी मिळाली, ती पण राहायची, नागरिकत्व नाही.

आणि एजंटची मोठी थाप ती 'इकडचं पण राहतं' वाली. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालतच नाहीत, तिकडचं घेतलं की भारताचं गेलं. लोक म्हणतात ओसीआय कार्ड काढू, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येता येतं ते, पण परदेशी फौजेत असलेल्याला किंवा तिथून रिटायर झालेल्याला ते कार्ड देत नाहीत. म्हणजे घरात कोणी गेलं तरी पोराने व्हिसा काढून यायचं. वारसाने आलेली शेती राहील, पण नवीन एक गुंठा विकत घेता येणार नाही.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतोय, तर मागे एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत पोराच्या कराराची झेरॉक्स घेऊन. पोराला हेल्परचं काम म्हणून रशियात नेलं होतं. रशियाने जानेवारी २०२४ मध्ये हुकूम काढला, वर्षभराचा फौजेचा करार केला की नागरिकत्व लवकर, त्याच आमिषावर एजंट लोक पोरं गोळा करतात. मावशींचा कागद पूर्ण रशियन, एक अक्षर आम्हाला कळेना. खाली पोराची सही तेवढी मराठीत, शाळेत शिकवतात तशी, वर रेघ ओढून. मावशी त्या सहीवरून बोट फिरवत बसल्या होत्या.

पुतण्याला मनापासून जायचंच असेल तर अडवू नका, पण आधी दाखला, आधार, पासपोर्ट तिन्हीवर नाव एक करून घ्या आणि वर्षभर फ्रेंच शिकू द्या. करार हातात आला तर त्याला स्वतःला वाचता आला पाहिजे. आणि एजंटकडे मूळ कागद दिले असतील तर आजच परत आणा.