खोकला सुका की ओला, आधी ते सांगा

दर थंडीत सर्दी छातीत उतरते. डॉक्टर ‘ब्रॉन्कायटिस’ म्हणतात. मैत्रिणीला सितोपलादी चूर्णाने गुण आला, मला का येत नाही? – वाचक, नाशिक

मैत्रिणीचा आणि तुमचा खोकला एकाच जातीचा आहे कशावरून? ब्रॉन्कायटिस म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली सूज. सर्दीपाठोपाठ येणारा हा आजार बहुधा विषाणूंचा असतो. ताप उतरला तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आमच्याकडे, आयुर्वेदात, औषध ठरतं खोकल्याच्या लक्षणांवरून. कोरडी ढास लागते, घसा सोलवटतो, कफ सुटत नाही, अशा वेळी सितोपलादी तुपात कालवून चाटावं. ज्येष्ठमधाची काडी चघळली तरी चालेल, पण बीपी असेल तर नको. छाती घरघरते, सकाळी चिकट बेडका पडतो, तर तूप बंद. तेच चूर्ण मधात घ्या. या चूर्णात निम्म्याहून जास्त खडीसाखरच असते, मधुमेहींनी लक्षात ठेवावं.

ओल्या खोकल्याला अडुळसा हवाच. कच्ची पानं कितीही वाटली तरी रस जेमतेम निघतो. म्हणून पाच-सहा पानं धुवून केळीच्या पानात गुंडाळा, मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. काळपट, मऊ झाली की ठेचून फडक्यातून पिळा. रस निवला की चमचाभर मध घालून दोन चमचे घ्या. कडूजहर लागतो, त्याला इलाज नाही! कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या वासिसिन या घटकावरूनच घडवलेलं आहे. गरोदरपणी मात्र अडुळसा वर्ज्य. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्यावी.

वडील बासष्ट वर्षांचे, तरुणपणापासून विडी. वर्षातले तीन-चार महिने कफ पडतो, दम लागतो. इन्हेलर सोडून काढा सुरू करावा का? – वाचक, सातारा

इन्हेलर सोडायचा नाही. काढा त्याच्या जोडीला येईल, जागी नाही. वर्षाला तीन महिने कफाचा खोकला, असं सलग दोन वर्षं चाललं की तो जुनाट ब्रॉन्कायटिस समजतात. तुमच्या वडिलांचं वर्णन त्यात बसतं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी, करून घ्या. विडी चालू ठेवून अडुळसा पिण्यात काही राम नाही. घरात चूल किंवा पाण्याचा बंब पेटत असेल तर त्यांची बसायची जागा धुरापासून लांब हलवा.

रात्री कोमट तिळतेलात चिमूटभर सैंधव घालून छाती-पाठ चोळा, वरून कापडाने शेका. कफ सुटायला मदत होते. दम्यावर म्हणून दुकानातून श्वासकुठार हे आयुर्वेदिक औषध आणून देऊ नका. त्यात पारा, मनशीळ (आर्सेनिकचं खनिज), बचनाग (विषारी मुळी) असतात. ते वैद्याच्या देखरेखीतच घ्यायचं. ओठ निळसर झाले, कफात रक्त आलं किंवा बोलताना धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.

आठ महिन्यांच्या बाळाला खोकला आहे. मधातून काही चाटवू का? – वाचक, कोल्हापूर

नाही. वर्ष पुरं होईपर्यंत मध अजिबात नको, बोटुलिझम या जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. गरम पाण्याचं पातेलं ठेवून वाफ देऊ नका, त्यात पोरं भाजतात. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

दही पूर्ण बंद करायचं का? – वाचक, पुणे

कफ पडत असेपर्यंत हो, रात्रीचं तर नक्कीच. त्याऐवजी कुळथाचं कढण घ्या, लसणाची फोडणी देऊन.