रुळांजवळच्या घरात रात्रीच्या भोंग्यांची सवय होते का?

रुळांपासून दोनशे मीटरवर भाड्याने घर घेतल्यापासून रात्री गाड्यांच्या भोंग्यांनी झोप मोडते, याची सवय होते की घर बदलावे, असे आपण विचारले आहे. मी जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान रुळांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर अकरा वर्षे राहत आहे. या मार्गावर मुंबईकडच्या आणि सुरतेकडच्या अशा दोन्ही बाजूंच्या गाड्या येतात, आणि मालगाड्यांना तर रात्र-दिवस सारखाच.

सवय होते, पण अर्धीच. पहिले दीड-दोन महिने प्रत्येक भोंग्याला दचकून जाग यायची, पुढे ती येईनाशी झाली. मात्र जाग आली नाही म्हणजे शरीराने तो आवाज ऐकलाच नाही, असे नसते. झोपेतही हृदयाचे ठोके क्षणभर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली युरोपसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज 44 डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे. म्हणून केवळ सवयीवर विसंबू नये, विशेषतः घरात तान्हे मूल किंवा हृदयविकाराचे कोणी असेल तर.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो खाट हलवण्याचा. रुळांकडच्या खोलीत सामान ठेवले आणि झोपण्याची खोली मागच्या बाजूला नेली, तेव्हा मधल्या दोन भिंतींनी जे काम केले ते जाड पडद्यांनी कधीच केले नव्हते. खिडकीच्या चौकटीतून जिथे वारा येतो तिथून आवाजही येतो, त्यामुळे त्या फटींना रबरी पट्टी लावणे हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि खिडक्या बंद ठेवणे अशक्य होते, पण तेव्हा कुलरची एकसुरी घरघर भोंग्याला बरीचशी झाकून टाकते. खरा त्रास थंडीत होतो, कारण जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असली की वर गेलेला आवाज वळून पुन्हा खाली येतो, आणि पौषातल्या रात्री दूरवरच्या गाडीचा भोंगाही उशाशी वाजल्यासारखा वाटतो.

रुळांच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी आपण पाहिली असेल. सी म्हणजे सीटी आणि फा म्हणजे फाटक. ती साधारणपणे फाटकाच्या 600 मीटर अलीकडे असते आणि तिथून लोको पायलटला भोंगा वाजवणे नियमाने बंधनकारक असते. ताशी 110 किलोमीटर वेगाच्या गाडीला ते अंतर कापायला जेमतेम 20 सेकंद लागतात, तेवढ्यातच फाटकावरच्या माणसाने सावध व्हायचे असते.

‘रात्री भोंगे बंदच करा’ ही मागणी मला मान्य नाही. एका जानेवारीत रात्री दोनच्या सुमारास मी गच्चीवर उभा होतो. थंडीत रूळ आकसून तडकण्याची भीती असते, म्हणून ट्रॅकमन रात्रभर पायी गस्त घालतात. त्यांच्या बॅटरीचा ठिपका रुळांवरून हळूहळू पुढे सरकत होता. लांबून भोंगा आला, तसा तो ठिपका बाजूला उतरला आणि स्थिर झाला. मालगाडी निघून गेली, आणि मग तो पुन्हा वर चढून चालू लागला. त्या रात्रीनंतरही भोंग्याने माझी झोप मोडली आहे, पण त्याचा राग मात्र आलेला नाही.

मागणी करायचीच असेल तर ती फाटकाच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग होण्यासाठी करावी. फाटक गेले की त्याच्यासाठी लावलेली पाटीही जाते आणि तिथला नेमाने वाजणारा भोंगा थांबतो. अशी कामे पूर्ण व्हायला वर्षे लागतात, हे मात्र गृहीत धरावे.

घर बदलायचे ठरवलेच, तर रुळांपासूनचे अंतर मोजण्याआधी जवळ फाटक आहे का आणि ती पिवळी पाटी कुठे आहे, हे बघून घ्या. पाटी आणि फाटक यांच्या मधल्या पट्ट्यातले घर टाळावे, आणि शक्य असल्यास भाडे ठरवण्यापूर्वी एक रात्र तिथे झोपून पाहावे.